हुदहुदचा होकार

शौकीने हुदहुद पक्ष्याच्या पोशाखाचे डोके गुडघ्यांत धरले आणि तुऱ्याची दोरी गळपट्ट्याला नव्याने बांधली. मान खाली घातली की दोरी ताणली जायची आणि मागे पडलेला नारिंगी तुरा ताठ उभा राहायचा. ही करामत त्याची स्वतःची. बिस्किट कंपनीने पाठवलेल्या पोशाखात तुरा नुसताच लोंबत होता. हुदहुदने बोलायचे नाही, असा कंपनीचा नियम. पण मुले प्रश्न विचारल्याशिवाय थोडीच राहतात? तेव्हा तुरा उभा राहिला की हो आणि मान हलली की नाही, एवढी भाषा त्याने तांता शहरातल्या एका इस्पितळातल्या मुलांना दर गुरुवारी येऊन येऊन शिकवली होती.

शौकी मूळचा पाट्या रंगवणारा. एके काळी बाजारातली निम्मी दुकाने त्याच्या अक्षराने ओळखली जात. मग छापील फलक आले, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसावर पक्षी व्हायची पाळी आली. हात मात्र अजून शिवशिवायचे. म्हणून भेटींवरच्या चिठ्ठ्या लिहायचे काम त्याने मॅडम इनासकडून मागून घेतले होते.

मॅडम इनास इस्पितळाच्या मदतनिधीचे काम पाहत. भेटींची यादी त्यांचीच असायची. सगळ्यांना फुगा आणि बिस्किटांचा पुडा. अधूनमधून एकालाच मोठी भेट, त्याने स्वतः मागितलेली. मागची मोठी भेट, सायकल, हम्दीला मिळाली होती, त्याआधी दुसऱ्या एका मुलीला बोलकी बाहुली. दोन्ही वेळा भेटीनंतरच्या गुरुवारी त्या खाटेवर नवे मूल होते. घरी गेली, असे मॅडम म्हणाल्या. कशी गेली, हे शौकीने विचारले नाही.

आज मोठ्या भेटीपुढे नाव होते नवारा अब्दुस्सत्तार ईद. खाली पेन्सिलीने बारीक लिहिले होते, सबाहची मुलगी. दुआ मागायला आईचे नाव लागते, हे शौकीला ठाऊक होते. मॅडम देवभोळ्या होत्या, दुआ मागायला शेखकडे, म्हणजे धर्मगुरूकडे, जात असत. एरवी या गावात बाईचे नाव चारचौघांत कोण घेतो? ती कोणाची तरी आई असते, बस. तिच्या नावाने हाक मारतात ती लेकराच्या दुखण्यात, नाहीतर लेकराला मातीत ठेवल्यावर. नवाराची आई सहा महिने खाटेखाली फरशीवर झोपत होती आणि सगळे इस्पितळ तिला थोरल्या मुलाच्या नावाने उम्म सामेह, सामेहची आई, म्हणत होते. एकदा तरी तिचे नाव कशावर तरी दिसू दे, असे शौकीच्या मनात आले. त्याने बोरू घेतला आणि जीव ओतून दोन्ही नावे लिहिली.

वॉर्डात शिरताच गलका झाला. नवारा नऊ वर्षांची, डोक्यावर केस नाहीत, पण जीभ चांगली धारदार. तिने हुदहुदला जवळ बोलावून नाक मुरडले आणि अंघोळ करतोस का, म्हणून विचारले. शौकीने मान हलवली.

"निदान ईदला तरी?"

तुरा उभा राहिला. वॉर्डभर हसू पसरले. शेजारच्या रामीला तर हसता हसता ठसका लागला.

मग शौकीने मोठे खोके तिच्या पायथ्याशी ठेवले. आत हाताने फिरवायचे खरेखुरे शिवणयंत्र होते. मॅडम इनास दारात फोटोवाल्याला घेऊन उभ्या होत्या. नवाराने खोक्याकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले.

"मला फुगाच दे," ती म्हणाली. "मोठं नको. मोठं हम्दीला मिळालं होतं."

उम्म सामेह तिच्यावर डाफरली. महिनाभर यंत्र यंत्र करून डोकं खाल्लंस माझं, आता काय झालं? लेकीला बोलता बोलता तिने चिठ्ठी उचलली. अक्षरओळख नव्हती, पण त्या वळणांवरून तिने बोट फिरवले.

"किती देखणं लिहिलंय कुणी. वाच गं."

"नवारा, सबाहची मुलगी," नवाराने वाचले.

बोट थांबले. शेजारच्या पुड्यावर काय लिहिलंय, असे तिने रामीला विचारले. नुसतंच रामी, तो म्हणाला.

शौकीला चोचीतल्या जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. त्यावर आता रागही नव्हता.

"माझं नाव इथे फक्त मॅडमना ठाऊक आहे," ती हळूच म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. "पंधरा दिवसांमागे विचारलं. दुआसाठी म्हणाल्या, सगळ्यांचंच घेते म्हणाल्या. त्याआधी हम्दीच्या आईचं घेतलं होतं."

दुआला आईचे नाव लागते हे शौकीला माहीत होते. मॅडम ते कोणासाठी मागतात, हे त्याने मनाला कधी विचारू दिले नव्हते. आणि आता ते त्याने आपल्या हाताने, वळणदार अक्षरात लिहून दिले होते. त्याने दाराकडे पाहिले. मॅडम इनास खाली बघून पर्सची कडी उघडत आणि मिटत होत्या.

उम्म सामेह उठून त्याच्याजवळ आली, लेकीकडे पाठ करून, इतकी जवळ की तिचा श्वास जाळीला लागला.

"तू बोलत नाहीस, मला माहितीये. बोलू नकोस. डॉक्टरांनी हात टेकलेत. असंच ना?"

मान हलवायची होती. डावीकडे, उजवीकडे, एवढेच काम होते, दर गुरुवारी शंभरदा केलेले. शौकी स्वतःला सांगत होता, हलव, मेल्या, हलव. पण तिच्या डोळ्यांना डोळा भिडवणे त्याच्याने झाले नाही. शरमेने त्याची मान खाली गेली.

तुरा ताठ उभा राहिला. मुलांनी नेहमीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

"काय विचारलंस गं त्याला?" खाटेवरून नवाराने विचारले.

उम्म सामेह वळली. चिठ्ठी तिने दुमडून बाहीत सारली होती.

"तुला यंत्र चालवता येईल का, ते."

"मग? हो म्हणाला?"

"हो म्हणाला."

नवारा आईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने खोके आपल्याकडे ओढले.

"कापड नाहीये पण आपल्याकडे."

"आहे की," असे म्हणत आईने उशाखालून आपली काळी ओढणी काढली आणि तिच्या मांडीवर पसरली.

फोटोवाला पुढे आला, हुदहुदने जरा वर बघावे, म्हणाला. शौकीला मान वर करता येईना, आणि तुरा तसाच उभा राहिला.