अकरावी ओळ

"हे उलटं आलंय," नवरा म्हणाला. त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि कागद पुन्हा वरून खाली वाचला. "निळी कशी काय पुढे?"

"उलटं कशाला येईल? आहे ते आलंय," ती म्हणाली. "पंधरा मुद्दे. पांढरीला सात, निळीला आठ."

"अगं, पण आपलं पांढरीचं ठरलंय ना!"

ठरलं होतं खरं. कधी ठरलं आणि कोणी ठरवलं, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. दोन्ही गाड्या तशा एकाच मापाच्या, उंच बांध्याच्या, छोट्या एसयूव्ही. पांढरी जरा रुंद होती, तिचा पुढचा भाग भारदस्त होता, आणि नवऱ्याला ती शोरूमच्या काचेबाहेरूनच आवडली होती. निळी बघायची, कारण काहीतरी दुसरं बघायला हवं.

दुसरं काहीतरी बघण्यात मात्र तिचा हात धरणारा कोणी नव्हता. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात ती सव्वीस वर्षं तुलनात्मक तक्ते करत होती. पलंग, पंखे, हातमोजे, फरशी पुसायचं औषध, सगळ्याचे. तिला सगळे तक्तेबाईच म्हणत. काय घ्यायचं हे साहेबांचं आधीच ठरलेलं असे. मग तक्तेबाई कागदाच्या तळाशी शिफारस लिहून टाकत आणि वरच्या ओळी नंतर भरत. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, आकड्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. फक्त ओळ कुठली ठेवायची आणि कुठली काढायची, एवढंच. ठरलेला पंखा खडखडत असेल तर आवाजाची ओळच नको. ही गंमत तिने घरी जेवताना इतक्या वेळा रंगवून सांगितली होती, की नवरा ती पाहुण्यांना सांगत असे आणि तिच्याआधी स्वतःच हसत असे.

आताही तो हसला. "मग ऑफिसात करतेस तसं कर की. काढ एखादी ओळ. कागद बघितल्याशिवाय दादा हो म्हणायचा नाही, आणि तुझ्यासारखा कागद कोणाला जमतो?"

हे त्याने मनापासून म्हटलं होतं. तो वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

"दुपारपर्यंत देते," ती म्हणाली.

घरचा तक्ता तिने पहिल्यांदाच वरून खाली केला होता. शिफारशीची जागा कोरी ठेवून, एकेक ओळ भरत. आणि तिला माहीत होतं, निळी जिंकली ती अकराव्या ओळीमुळे. 'चालकाच्या सीटची उंची कमी-जास्त करता येते.' पांढरी : नाही. निळी : होय.

तिची उंची चार फूट दहा इंच. ड्रायव्हिंगचं लायसन्स तिने एकोणपन्नासाव्या वर्षी काढलं, दोनदा नापास होऊन. क्लासच्या गाडीत ती घरून उशी घेऊन जाई. उशी घेतली की पुढचं दिसे, पण पाय क्लचवर पुरता दाबला जात नसे. उशी काढली की पाय पोहोचे आणि पुढे नुसतं आभाळ. शिकवणारे मास्तर म्हणायचे, "बाई, गाडीचा दोष आहे, तुमचा नाही." आयुष्यात असं तिला फार कमी लोकांनी सांगितलं होतं.

शोरूममध्ये पांढरी चालवून नवरा उतरला तेव्हा ती म्हणाली, "मी निळी बघू का?" सेल्समनने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मान हलवली. ती बसली, डाव्या हाताने बेल्ट ओढला आणि उजव्या हाताला सीटच्या बाजूचा दांडा लागला. एकदा वर ओढला, दोनदा, तीनदा. प्रत्येक ओढीला सीट थोडी वर आणि थोडी पुढे सरकत होती. सातव्या ओढीला तिला बोनेट दिसलं. सगळं, पार टोकापर्यंत. पाय क्लचवर पूर्ण दाबलेला होता.

आणि लगेच मनात आलं, शनिवारी दुपारी आई.

आई गावाबाहेर, तासाभराच्या अंतरावर एकटी राहत होती. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून तिथे पोहोचायला अडीच वाजत आणि परतीची शेवटची बस साडेचारला. गेली कित्येक वर्षं आईचं प्रत्येक बोलणं तिने अर्ध्यावर तोडलं होतं. आता आईला एक वाक्य पुरं करायलाच वेळ लागे. मधले शब्द सापडत नसत. ती शोधत राही आणि लेक घड्याळाकडे बघत उभी राही.

हे तिने नवऱ्याला एकदा सांगितलं होतं. तो लगेच म्हणाला होता, "मी आहे ना! तुला कुठे जायचं असेल तिथे सोडेन. तू कशाला त्या ट्रॅफिकमध्ये जीव धोक्यात घालतेस?"

दुपारी तिने तक्ता पुन्हा उघडला. 'निळी' असं तळाशी लिहून बघितलं. मग दिरांना काय सांगायचं, नवऱ्याचा पडलेला चेहरा किती दिवस बघायचा, आणि पहिला ओरखडा उठला की काय ऐकायचं, हे सगळं तिने जागच्या जागी मनातल्या मनात भोगून घेतलं. तिला स्वतःचाच राग आला. 'निळी' पुसून तिने 'पांढरी' लिहिलं. अकरावी ओळ काढली. तिथे नवी ओळ घातली, 'मागच्या सीटवर ऐसपैस जागा.' पांढरी : होय. निळी : नाही. आठ आणि सात. एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी मोठे दीर आले. चष्मा चढवून त्यांनी कागद दोनदा वाचला.

"वा! एक मुद्दा सुटलेला नाही," ते म्हणाले.

"सुटणार कसा? तक्तेबाई आहेत!" नवरा म्हणाला, आणि दोघे भाऊ हसले. तीही हसली. सवय होती.

गाडी आल्यावर पहिल्याच शनिवारी ते तिच्या आईकडे निघाले. दीर पुढे बसले. ती मागे, ऐसपैस, मांडीवर क्लासची उशी घेऊन. आई खिडकीजवळच्या खुर्चीत पाठ अवघडून बसायची, म्हणून उशी आता तिच्यासाठी. पोहोचल्यावर दोघे भाऊ चहा पिऊन गाडीला एक चक्कर मारून यायला गेले. तिने उशी आईच्या पाठीशी लावली. आई टेकली, बरं वाटल्यासारखी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं. तू लहान होतीस ना, तेव्हा तू..."

आई थांबली. शब्द शोधू लागली.

खाली पांढरीचा हॉर्न वाजला. सव्वाचार झाले होते.

"बसची वेळ झाली का गं?" आईने विचारलं.

"नाही आई, आता बस नाही," ती म्हणाली आणि पर्स शोधायला उठली.