खांद्यावरचं फडकं

व्हर्लिनच्या डाव्या खांद्यावर एकच फडकं होतं.

मी सुट्या भागांच्या काउंटरमागे उभा होतो. मध्ये वीस पावलांचं अंतर, त्यामुळे आपल्याला नीट दिसलं नसेल, असं मी आधी स्वतःला सांगितलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एकच.

व्हर्लिन स्टकी आमच्या गॅरेजमधला सगळ्यात जुना मेकॅनिक, चौतीस वर्षं इथंच काम करणारा. काम सुरू करताना तो दोन लाल फडकी घ्यायचा. एक खांद्यावर. इंजिनाचं हवा घ्यायचं तोंड उघडं पडलं, की दुसऱ्याचा बोळा करून त्यात कोंबायचा. एखादा स्क्रू आत पडायला नको म्हणून. नळी जोडायच्या आधी बोळा काढून तोही खांद्यावर टाकायचा. नळी बसली की खांद्यावर दोन फडकी दिसायचीच. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं समोर बघून बघून माझ्या लक्षात आलं होतं.

आज नळी बसली होती.

गाडी लोरेटा कोवाल्चिक बाईंची. तीस वर्षं शाळेची बस चालवून त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी ही निळी, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी घेतली. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ एप्रिलच्या पावसात धुऊन गेल्यावर ती बाहेर काढली आणि थेट आमच्याकडे आणली. इंजिनाला थंड हवा जास्त मिळावी म्हणून मोठा फिल्टर आणि रुंद नळी बसवायची होती.

"बाहेरचं काही नको हं," त्यांनी मला बजावलं होतं. "कंपनीचंच द्या. उद्या काही बिघडलं तर कंपनीनं हात वर करायला नकोत."

कंपनी हात वर करणार नव्हती, पण तिची एक अट होती. तिनं शिकवलेल्या मेकॅनिकनंच काम करायचं, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम भरायचा आणि हमीपत्रावर स्वतःची सही करायची. आमच्याकडे असे दोघेच होते, व्हर्लिन आणि ड्वेन.

बोळा इंजिनाच्या तोंडात असतानाच आमच्या मॅनेजरनं, ब्रेंटनं, व्हर्लिनला दुसऱ्या एका गाडीचा आवाज ऐकायला बोलावलं होतं. पाच मिनिटांनी परत आल्यावर त्यानं सरळ नळी उचलली होती.

आता प्रोग्रॅम भरत होता. बॅटरीला चार्जर लावलेला, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर लॅपटॉप. पडद्यावरचा मोठा आकडा मला काउंटरवरूनही वाचता येत होता. बेचाळीस टक्के. शंभर झाले की व्हर्लिन इंजिन चालू करणार, आणि फडकं आत असेल तर इंजिन ते ओढून घेणार.

जानेवारीत एका गाडीचा ऑइलचा बोल्ट त्याच्याकडून सैल राहिला होता. तेव्हा ब्रेंट माझ्यादेखत म्हणाला होता, "व्हर्लिन, तुमच्याबद्दल आदर आहे मला. पण आता आणखी एक चूक झाली, तर माझा नाइलाज आहे."

एकावन्न.

फडकं त्याच्या खिशात असेल. ड्वेननं उचललं असेल. मी हाक मारली आणि ते खिशातून निघालं तर? आता काउंटरवाल्याचाही व्हर्लिनवर भरवसा उरला नाही, एवढंच ब्रेंटला कळणार. आणि मी कोण? नाव ऑरिन, पण दुपारी पुस्तक वाचत बसतो म्हणून मला प्रोफेसर म्हणतात, ते काही कौतुकानं नाही.

"बाई, आत बसा ना, कॉफी आहे," ब्रेंट लोरेटाबाईंना म्हणत होता.

"तुमची कॉफी मघाशी प्यायले मी, तेवढी शिक्षा पुरे," बाई म्हणाल्या. "बघू दे की मला इथून. चाळीस पोरं पाठीमागे बोंबलत असताना बस चालवलीय. हा तर बिचारा गप्प माणूस."

सत्तर.

मी नळी आवळायच्या क्लॅम्पच्या खणात हात घातला, एक पाकीट घेतलं आणि निघालो.

"व्हर्लिन, माझं चुकलं," मी म्हणालो. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "नळीच्या तोंडाशी लावायचा क्लॅम्प मी दुसऱ्याच नंबरचा दिला तुला. बदलावा लागेल."

व्हर्लिननं माझ्याकडे पाहिलं. "बसला तर बरोबर."

"बसतो. पण नंतर सैल पडेल."

ब्रेंट आलाच. "काय म्हणता? सगळं जोडून झाल्यावर आठवलं? प्रोफेसर, पुस्तकं जरा कमी वाचा आणि पाकिटावरचे नंबर जास्त वाचत जा."

"हो," मी म्हणालो.

"ऑरिन असं कधी करत नाही," व्हर्लिन हळूच म्हणाला.

"आज केलं ना!" ब्रेंट बाईंची समजूत घालायला गेला.

प्रोग्रॅम शंभरावर पोचेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. मग व्हर्लिननं क्लॅम्प सैल केला आणि नळी मागे ओढली.

आत लाल दिसलं.

तो हलला नाही. मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. मग त्यानं दोन बोटांनी फडकं बाहेर काढलं, त्याची घडी केली आणि खांद्यावर, पहिल्याच्या वर ठेवलं. पुन्हा नळी लावली. क्लॅम्प आवळताना हात थांबवून एकदा आत बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. फिल्टरमधून हवा ओढल्याचा खोल आवाज शेडभर पसरला आणि लोरेटाबाई एखाद्या मुलीसारख्या हसल्या. व्हर्लिन डोळे मिटून ऐकत होता. एवढ्या लक्षपूर्वक ऐकताना मी त्याला आधी पाहिलं नव्हतं.

ब्रेंटनं हमीपत्र पुढं केलं. "इथं सही."

व्हर्लिननं पेन घेतलं, रेघेवर टेकवलं आणि उचललं.

"बसवलं मी," तो म्हणाला. "हमी मला देता येणार नाही. ड्वेनला सगळं पहिल्यापासून तपासू दे, मग त्याची सही घे."

"का? काय झालं?"

व्हर्लिननं खांद्यावरचं वरचं फडकं काढून कागदावर ठेवलं. "हे आत राहिलं होतं."

ब्रेंट फडक्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्यानं कागद उचलला आणि ड्वेनला हाक मारली. आवाज अगदी साधा होता, त्याबद्दल मी अजूनही त्याचा आभारी आहे.

पाच वाजता बाई गेल्या. हात धुऊन व्हर्लिन काउंटरशी आला. बाहेर त्याची अवजारांची पेटी उभी होती, छातीएवढी उंच. गेल्या चौतीस वर्षांत त्यानं एकेक खण भरत नेली होती ती.

"ड्वेनला विचारलं, पेटी घेतोस का," तो म्हणाला. "म्हणाला, बायकोला विचारून सांगतो." तो थोडं हसला. मग मी दिलेलं क्लॅम्पचं पाकीट खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. फोडलेलं नव्हतं. "आधीचाच लावला परत. हा नवा लागणारच नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि टोपी घालून निघून गेला.

मी पाकीट खणात परत ठेवलं. सवयीनं नंबर वाचून पाहिला. बरोबर होता, आधी दिलेल्या क्लॅम्पचाच.