उंबऱ्यापुढच्या तुराट्या

मोठेबांच्या तोंडाचा मी तीनदा वास घेतला होता. एकदा त्यांच्या कानात औषध टाकताना, एकदा त्यांना चष्मा घालून देताना आणि एकदा ते झोपलेले असताना. तिन्ही वेळा फक्त तंबाखूचा आला. पण तीन वेळा म्हणजे पुरावा नव्हे. मी अकोल्याहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो.

देवमन मोठेबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या विहारात पंचशील तेच सांगत. पाचवं शील दारू न पिण्याचं. आणि चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तेच झोकांड्या खाऊ लागले. विहाराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबत, मग एकदम पुढे तोल जाई. दोनदा पडले.

"उंबरा बरोब्बर वयखते पेणाऱ्याले," विहाराच्या पंचांतले उकंडराव सगळ्यांदेखत म्हणाले.

"पेत नाही मी," मोठेबा म्हणाले. आवाज इतका खोल गेलेला की मला ती कबुलीच वाटली.

पंचांनी ठरवलं, पौर्णिमेला पुन्हा अडखळले तर देवमननं शील सांगायचं नाही.

मला खरं काय ते हवं होतं. बाजाराच्या वाटेवरच्या धुळीत एका पिणाऱ्याची पावलं मी मोजून ठेवली होती: लांब-आखूड, दोन्हीकडे फाकलेली. आता मोठेबांना ओल्या सारवणावरून चालवलं आणि फूटपट्टी घेऊन बसलो.

"अंगण नासवून काय मोजून राह्यला रे?" मोठीमाय ओरडली. "वावराच्या धुऱ्याचं भांडण हाय का?"

पावलं नऊ इंचांची, साडेआठांची, घासत गेलेली, पण सरळ. पिणाऱ्यासारखी एकही नाही. फक्त एका ठिकाणी अंतर वीस इंच. तिथे चुलीसाठी आणलेली एक तुराटी आडवी पडली होती. तुरीची ती वाळकी काडी मोठेबांनी तरण्या माणसासारखी ओलांडली होती. मी आणखी चार तुराट्या मांडल्या. चारही ओलांडल्या.

पौर्णिमेला विहारापुढे मी पाच तुराट्या आडव्या ठेवल्या, शेवटची उंबऱ्याला लागून.

"हे काय?" उकंडराव पुढे आले. "टोणा? बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना बे आपण? लिंबू कुठी हाय?"

लोक मागे सरकले. आता संशय माझ्यावर होता.

"टोणा नाही, काका. पायाले दिसाले निशाणी पाहिजे, एवढंच. तुमी उचलून पाहा."

उकंडरावांनी एक तुराटी उचलली, वाकवली, हुंगलीसुद्धा. मग पुटपुटत होती तिथे ठेवली.

मोठेबा थांबले. उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता. नजर पहिल्या तुराटीवर गेली. एक. दोन. पाचवीनंतर उंबरा, आणि ते आत होते.

आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांना गप्प बसावं लागलं. पाचवं शील त्यांनी सांगितलं, उकंडरावांनी मागून म्हटलं.

पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. पण त्या दिवशी घरी येताना मोठेबा माझा खांदा धरून एवढंच म्हणाले, "औषध कानात टाकत होता तू. माह्या तोंडावर कायले वाकला होता?"

मी काखेतल्या तुराट्या घट्ट धरल्या.

"तुराट्या आणल्या ना वापस?" त्यांनी विचारलं. "सकाळी लागतीन."