चांदीचा उजवा हात

आमचा अर्गीरिस खोटं बोलताना हसतो. चार वर्षांचा असताना गोड पाव चोरून खायचा आणि तोंडाला साखर लागलेली असताना हसायचा, तेव्हापासून मी हे बघते आहे. आता एकतीस वर्षांचा झाला, आमच्या फारोस फुटबॉल क्लबचा गोलकीपर आणि कप्तान झाला, गावातली पोरं त्याच्या नावाचे शर्ट घालून फिरतात. तरी सवय तीच. मार्च महिन्यापासून हा माणूस माझ्या टेबलावर डाव्या हातानं जेवायचा आणि हसायचा. सार्डिन मासे डाव्या हातानं सोलायला गेला की अर्धा काटा त्याच्या तोंडात आणि अर्धा मासा माझ्या टेबलक्लॉथवर.

"उजव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही गं आजी. डाव्यालाही सवय लावतोय. गोलकीपरला दोन्ही हात लागतात."

"मग उद्यापासून कॉफी पायानं पी. पायही लागतात गोलकीपरला."

हसला. म्हणजे खोटं.

त्याची आई लवकर गेली, बाप जहाजावर. त्याला मी वाढवला, आणि तो वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून त्याचं काहीच माझ्यापासून लपत नाही. एके सकाळी लोणच्याची बरणी झाकण उघडायला मी मुद्दाम त्याच्यापुढे केली. त्यानं ती काखेत दाबली आणि डाव्या हातानं फिरवायला लागला. मी त्याचं उजवं मनगट धरलं. एवढा सहा फुटी गडी, गुडघ्यावर बसला.

मग सगळं बाहेर आलं. मार्चमध्ये पोलंडला, गोठलेल्या मैदानावर, चेंडू अडवताना हात गोलाच्या खांबावर आदळला होता. आतलं बारीक हाड मोडलं होतं. हे त्यानं दुसऱ्या शहरात जाऊन, टोपी डोळ्यांवर ओढून, एका अनोळखी डॉक्टरकडून तपासून घेतलं होतं. क्लबच्या डॉक्टरला सांगितलं, नुसतं मुरगळलंय.

"सहा आठवडे तू मोडक्या हातानं खेळतोयस?"

"पाच."

"आणि कशासाठी?"

उत्तर मला माहीत होतं. उत्तर मीच त्याला लहानपणापासून घासाबरोबर भरवलं होतं.

माझा नवरा ज़ाफिरिस, देव त्याला शांती देवो, तोही फारोसचा गोलकीपर होता. एकाहत्तर साली शेवटच्या सामन्यात मध्यंतराला तो कोचकडे गेला आणि म्हणाला, "मला धरता येत नाही, बोट मोडलंय." त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, त्यानं दोन गोल खाल्ले आणि फारोस साखळीतून खालच्या श्रेणीत गेला. त्या दिवसापासून ज़ाफिरिसचं नाव 'अर्धा' पडलं. अर्धा सामना खेळला म्हणून अर्धा. कॉफीच्या दुकानात पोऱ्या विचारायचा, "अर्ध्याला काय देऊ?" तीस वर्षं. मरेपर्यंत. आणि मी अर्ध्याची बायको. मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून मी घरी त्यालाच बोलायची. नातवालाही सांगायची, "काहीही हो, पण अर्धा होऊ नकोस."

तर तो अर्धा व्हायला तयार नव्हता. आजोबांच्या फोटोवर माझा हात ठेवून त्यानं माझ्याकडून शपथ घेतली, "तोंडातून एक शब्द काढायचा नाहीस. शेवटच्या सामन्यापर्यंत."

आता या वर्षाचं सांगते, नाहीतर शेवटचा सामना म्हणजे काय ते कळायचं नाही. मागच्या वसंतात आमच्या फारोसनं देशाचा चषक जिंकला. बंदरातल्या सगळ्या होड्यांनी रात्रभर भोंगे वाजवले. चषक जिंकला म्हणून युरोपातल्या स्पर्धेचं दार उघडलं. गुरुवारी नॉर्वे, गुरुवारी बेल्जियम, आणि तिथून विमानानं येऊन रविवारी आपल्याच देशातलं मैदान, लाकडासारखे पाय घेऊन. माणसं तीच चौदा. युरोपात आम्ही जिंकलो, बेल्जियमवाल्यांना तर आमच्या मैदानावर रडवलं, आणि इकडे रविवारी हरत राहिलो. पाहुण्यांना वाढता वाढता घरची मुलं उपाशी, तसं झालं. पोलंडमध्ये युरोप संपला. मे महिन्यात जाग आली तेव्हा देशाच्या साखळीत फारोस खालून दुसरा होता. शेवटचा सामना घरी, डोंगरवाल्यांच्या संघाशी. बरोबरी झाली तर वाचलो. हरलो तर खाली.

दुसरा गोलकीपर लाम्ब्रोस वीस वर्षांचा. हिवाळ्यात एकदा उभा केला होता, पाच गोल खाल्ले.

मी शपथ पाळली. तोंडातून एक अक्षर नाही. पण देवमातेला सांगितलं नाही तर कुणाला सांगायचं? सामन्याच्या आधीच्या मंगळवारी मी सोनाराकडून चांदीच्या पत्र्याचा हात घेतला, बोटं पसरलेला, उजवा, आणि चर्चमध्ये जाऊन तिच्या तसबिरीला लाल फितीनं बांधला. जो अवयव दुखतो तो चांदीत घडवून तिला वाहायचा, ही आमची रीत. शेजारी कुणाचे चांदीचे डोळे टांगलेले, कुणाचा पाय, कुणाचं पाळण्यातलं बाळ. मनात म्हटलं, पाच दिवस सांभाळ, मग तू आणि मी बघून घेऊ.

शहाणी समजते मी स्वतःला. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत एवढं सुचलं नाही की त्या तसबिरीपुढे अख्खं गाव मेणबत्ती लावतं, आणि चांदीचा हात बघून कुणाचा ते ओळखायला शाळा शिकावी लागत नाही.

रविवारी ऊन होतं. मी माझ्या जागी बसले, तिसरी रांग, खाली उशी. मागच्या रांगेत एवांथिया, चर्चमध्ये मेणबत्त्या विकते ती, सूर्यफुलाच्या बिया फोडत होती आणि टरफलं माझ्या खांद्यावर टाकत होती.

चौथ्या मिनिटाला डोंगरवाल्यांच्या दहा नंबरनं लांबूनच फटका मारला. जमिनीलगत, अर्गीरिसच्या उजवीकडे. त्यानं डाव्या हातानं आडवं पडून कसाबसा बाहेर ढकलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवव्या मिनिटाला परत. उजवीकडे, खाली. सतराव्या मिनिटाला परत. या वेळी उजव्या हाताला लागला. मी त्याचं तोंड बघितलं. तो हसत होता.

कुणी इतक्या लांबून इतक्या वेळा एकाच बाजूला मारत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय.

मी मागे वळले. "एवांथिया, तुझी मुलगी डोंगरात दिलीय ना? या आठवड्यात आली होती माहेरी?"

"बुधवारी आली होती की. का गं मालामो?"

"तिच्याशी काय बोललीस?"

"मी काय बोलणार बाई? सहज निघालं बोलण्यात. म्हटलं, बिचाऱ्या मालामोनं हात वाहिलाय, पोराचं दुखत असेल..." तिच्या तोंडातली बी तिथेच राहिली. "अगं, जावई नुसता त्यांच्या क्लबचा ड्रायव्हर आहे. त्याला कोण विचारतंय?"

"विचारलं. ते बघ."

तिसाव्या मिनिटाला पुन्हा. चेंडू अर्गीरिसच्या उजव्या पंजाखालून गेला आणि खांबाला घासून बाहेर पडला. मोडलेल्या हाताचा पत्ता मीच लिहून दिला होता, आणि तोही चांदीत.

मध्यंतराची शिट्टी झाली. शून्य-शून्य. मी उठले.

खालच्या दारावर पहारेकरी होता. "मावशी, आत बायकांना सोडत नाही."

"तुझ्या बापाला मी लंगोटात बघितलाय. बाजूला हो."

बाजूला झाला. आतल्या बोळात कोच वायोस भिंतीला टेकून उभा होता. हातात माळ, मणी मोजत नव्हता, नुसती आवळत होता.

"वायोस, त्याचा हात..."

"माहीत आहे मावशी. बुधवारी मीही मेणबत्ती लावायला गेलो होतो. मला डोळे आहेत."

"मग खेळवलास कशाला रे मेल्या?"

"विचारलं मी त्याला. हसला. डॉक्टरपुढे मनगट फिरवून दाखवलं. चर्चमधल्या चांदीवरून कप्तानाला बाहेर बसवू? हरलो तर गाव मला समुद्रात बुडवेल." तो खाली बघून म्हणाला, "आणि खरं सांगू? लाम्ब्रोसला उभं करायची मला भीती वाटते. अर्गीरिसच्या तोंडून ऐकलं असतं तर केलं असतं. कप्तानानं बोलायला पाहिजे."

मी दार ढकललं. घामाचा आणि मलमाचा वास. मोठी मोठी माणसं आपापल्या बाकावर बुटांच्या नाड्या आवळत बसलेली. अर्गीरिस कोपऱ्यात, हातमोजे चढवलेलेच. काढले असते तर उजवा परत चढला नसता.

"आजी, बाहेर जा."

"जाते. आधी हातमोजा काढ."

"शपथ घेतली होतीस."

"तोंडातून अक्षर काढलं नाही. मूर्खपणा केला तो हातानं केला, तुझ्यासारखाच."

"बाहेर जा म्हटलं ना!" त्याचा आवाज फुटला. मग हळू बोलला, पण ती खोली लहान आहे, सगळ्यांनी ऐकलं. "मलाही अर्धा म्हणतील."

कुणी मान वर केली नाही. या गावात तो शब्द सगळ्यांना माहीत आहे.

मी त्याच्यापुढे माझा हात धरला. संधिवातानं वाकडी झालेली बोटं, त्यात नवऱ्याची अंगठी. "दाब. उजव्या हातानं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी. मला दुखेल एवढं दाबून दाखव, मी निमूट वर जाऊन बसते."

त्यानं धरलं. मला हातमोज्याचं रबर लागलं, आत माणूस आहे असं वाटलंच नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. तो हसत होता. बाहेर लोक पाय आपटत होते, छत हलत होतं. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं, जसं दिव्यातलं तेल संपतं.

माझा हात सोडून तो वायोसकडे वळला. "मला धरता येत नाही, कोच."

एकाहत्तर साली ज़ाफिरिसनं हेच म्हटलं होतं. मी तेव्हा त्या खोलीत नव्हते. असायला हवी होते.

लाम्ब्रोस उभा राहिला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. अर्गीरिसनं दातांनी पट्टा सोडून हातमोजा ओढून काढला. मनगट वांग्यासारखं होतं. एकानं देवाचं नाव घेतलं. अर्गीरिसनं डाव्या हातानं लाम्ब्रोसची मान धरून त्याचं डोकं स्वतःच्या कपाळाला लावलं.

"ऐक. ते माझ्या उजव्या हातासाठी तयारी करून आलेत. आठवडाभर एकच बाजू घोकलीय. ती सवय पाच मिनिटांत जात नाही. तू त्या बाजूला अर्धं पाऊल जास्त राहा. त्यांना दिसू देऊ नको."

"आणि दुसरीकडे मारला तर?"

"तर देवमाता आहे. तिला आजीनं लाच दिलीय."

कुणीतरी हसलं. मी बाहेर आले.

वर माझ्या जागी पोहोचेपर्यंत खेळ सुरू झाला होता. गोलात लाम्ब्रोस बघून मैदानावर आधी कुठूनतरी एक शिट्टी आली, मग शंभर शिट्ट्या. माझ्या मागे कुणीतरी म्हातारा म्हणाला, "रक्तातच आहे." मी वळले नाही. वळले असते तर सामना बघायचा राहिला असता.

पन्नासाव्या मिनिटाला दहा नंबरनं मारला. उजवीकडे, खाली. लाम्ब्रोस तिथेच होता. अठ्ठावन्नाव्याला दुसऱ्यानं. उजवीकडे. लाम्ब्रोसनं पोटाशी धरला, जसं रडकं मूल धरावं. शिट्ट्या थांबल्या. सत्तराव्याला परत तिकडेच, आणि मी बघत होते, डोंगरवाल्यांचा कोच काठावरून ओरडत होता, "दुसरीकडे! गोलकीपर बदललाय रे गाढवांनो, दुसरीकडे!" पण पायांना कान नसतात.

ऐकू आलं ते शेवटी. एकोणनव्वदावं मिनिट. दहा नंबर एकटा सुटला, समोर फक्त लाम्ब्रोस. लाम्ब्रोस उजवीकडे झुकला आणि दहा नंबरनं चेंडू डावीकडे मारला. अख्खं मैदान उठलं. मला उठता आलं नाही. पुढच्या माणसांच्या पाठींमध्ये मला फक्त बाकापाशी उभा असलेला अर्गीरिस दिसत होता, उजवा हात छातीशी धरलेला. मी त्याच्या तोंडावरच सामना बघितला. त्याचे डोळे मिटले. मग खांबाचा टणत्कार ऐकू आला. त्याचे डोळे उघडले.

शून्य-शून्य. फारोस राहिला.

एवांथियानं मागून माझे खांदे धरले. "ऐकलं गं बाई देवमातेनं!"

"तिनं ऐकलं ते बरंच झालं. तुझं डोंगरानंही ऐकलं."

दुसऱ्या दिवशी हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून अर्गीरिस दुपारी घरी आला. मी लिंबू-अंड्याचं सूप केलं होतं. तो बसला, चमचा डाव्या हातात धरला आणि नुसता ढवळत राहिला. गाव अजून झेंडे मिरवत होतं, लाम्ब्रोसला खांद्यावर घेऊन बंदराभोवती फिरवत होतं.

"काय झालं?"

"काही नाही," म्हणाला आणि हसला.

मी चमच्यासकट त्याचा हात धरला. त्यानं हसू गिळलं.

"कॉफीच्या दुकानावरून आलो. म्हातारा सोतिरिस म्हणाला, अर्ध्याचा नातू आला. सगळे हसले. प्रेमानं हसले गं, पण हसले."

भिंतीवर ज़ाफिरिसचा फोटो आहे, गोलकीपरचा लोकरी स्वेटर, कमरेवर हात. तो गेल्यापासून मी त्याच्यापुढे रोज दिवा लावला आणि रोज मनात त्याला रागे भरले. मी खुर्ची ओढून नातवासमोर बसले.

"अर्गीरिस, नीट ऐक, परत सांगणार नाही. तू खोटारडा आहेस, आणि सहा आठवडे तू गावाला फसवलंस. पण ते तू माझ्याकडून शिकलास, म्हणून त्यातलं निम्मं पाप माझं. तुझ्या आजोबाचं बोट मोडलं तेव्हा तो उठला आणि खरं बोलला. मी तीस वर्षं त्याला त्याचीच शिक्षा दिली. या घरात एकच पुरा माणूस होऊन गेला, आणि तो तुझा आजोबा. काल त्या खोलीत तू त्याचा नातू झालास, त्याआधी नुसता माझा होतास. उद्या सोतिरिसला सांग, हो, अर्ध्याचाच. आणि आता ते सूप पी, थंड करून माझा अपमान करू नकोस."