जार्व्हिसचं तिसरं कडवं

जार्व्हिस गेला तेव्हा आम्ही दोघंही एकोणीस वर्षांचे होतो. शहरातल्या ब्राउन्सव्हिल वस्तीत, एकाच इमारतीत वाढलेलो. तो चौथ्या मजल्यावर, मी सहाव्या. मी रॅप लिहायचो. कोणाचं घर जळलं, कोणाचा भाऊ तुरुंगातून सुटला, लिफ्ट बंद पडली म्हणून कोण जिन्यात बसून रडलं, सगळं नावानिशी माझ्या वहीत असायचं. ओडेल खोटं लिहीत नाही, असं वस्तीत माझ्याबद्दल म्हणायचे.

ऑगस्टमधल्या एका भरदुपारी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर जार्व्हिसला गोळी लागली. भांडण दुसऱ्याच दोघांचं होतं.

महिन्याभरात मी त्याच्या शेवटच्या दिवसाचं गाणं लिहिलं. पहिल्या कडव्यात सकाळ, दुसऱ्यात बास्केटबॉलचं मैदान, तिसऱ्यात गोळी. आमचं संगीत करणारा विन्स्टन ऐकून म्हणाला, "दोन कडवी जबरदस्त झालीत. तिसऱ्यात पोरगा नुसता मरतोय. कोणीतरी काहीतरी करायला पाहिजे ना, यार! ऐकणाऱ्याच्या पोटात तुटलं पाहिजे."

मी दहा मिनिटांत तिसरं कडवं बदललं. आता गोळी लागलेला जार्व्हिस चार मजले चढून घरी येतो, दार वाजवतो. "मा, दार उघड, मी आहे." पण रोजच्या भानगडींना कंटाळलेली आई आतून म्हणते, आज नाही उघडणार.

पुढच्या उन्हाळ्यात ते गाणं रेडिओवर लागलं आणि पेटलंच. जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून तेच. मिस अर्लीनच्या खिडकीखाली दोरीवरच्या उड्या मारताना पोरी एका सुरात म्हणायच्या, "मा, दार उघड." मिस अर्लीन म्हणजे जार्व्हिसची आई; आमच्याकडे मोठ्या बायकांना 'मिस'च म्हणतात. इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर बायका बसेनाशा झाल्या, हे मला माझ्या आईने सांगितलं. वर म्हणाली, "तुला लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं, "गाणं आहे गं ते." तिने माझ्यापुढचं ताट उचललं आणि ओट्यावर आपटलं.

एका रविवारी मिस अर्लीन स्वतःच वर आल्या. चर्चची निळी टोपी, हातात पांढरे हातमोजे. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"ओडेल, बाळा, एकच विचारायचंय. त्याने किती वेळा वाजवलं?"

"काय?"

"दार. त्या दिवशी मी कामावर होते. घरात कोणी नव्हतं. तो येऊन गेला, दार उघडलं नाही म्हणून परत खाली दुकानापाशी जाऊन पडला, हे मला कोणी सांगितलंच नाही. तुझं गाणं आलं तेव्हा कळलं. तेव्हापासून माझी झोप गेलीय रे. सुट्टी घेतली असती तर मी उघडलं असतं ना?"

"मिस अर्लीन, तो वर आलाच नाही. ते मी रचलं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तू खोटं लिहीत नाहीस."

"दुकानासमोरच पडला तो. तिथेच गेला. मी पाहिलं."

"तू पाहिलंस?"

हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं, विन्स्टनला नाही, आईलाही नाही. "मी तिथेच होतो. रस्त्यापलीकडे, उभ्या गाडीच्या मागे. त्याने मला हाक मारली. दोनदा. मी पालथा पडून राहिलो. गोळ्या थांबल्यावरसुद्धा उठलो नाही. भीती वाटली मला."

त्यांनी हातमोज्यांची नीट घडी केली.

"म्हणजे हाक तुला मारली होती," त्या म्हणाल्या. "आणि तू ती माझ्या दारावर आणून ठेवलीस."

मी गुडघ्यांवर बसलो, माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, ढकललंही नाही. उठल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

मी तिसरं कडवं पुन्हा लिहिलं. गाडी, हाक, मी. गाणं काढणारी कंपनी म्हणाली, चालतंय त्याला हात लावू नकोस. मग सप्टेंबरमध्ये इमारतीच्या अंगणात, शेजाऱ्यांसमोर, मी ते संगीताशिवाय म्हटलं. जार्व्हिसचा मामेभाऊ मध्येच उठून माझ्या तोंडावर थुंकला. मी शेवटपर्यंत म्हटलं. पण अंगणात पन्नास माणसं होती, आणि रेडिओ सगळ्या शहरात होता. दुसऱ्या दिवशी पोरी जुनंच म्हणत होत्या.

ऑक्टोबरमध्ये मिस अर्लीन दक्षिण कॅरोलिनाला बहिणीकडे कायमच्या निघाल्या. विन्स्टनला घेऊन मी न बोलावताच सामान उतरवायला गेलो. जार्व्हिसचं कपाट मी एकटाच उचलायला लागलो, तेव्हा त्या दारातून माझ्याकडे न बघता विन्स्टनला म्हणाल्या, "जड आहे ते. दोघांनी धरा."

त्यानंतर त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही.