माझ्या तोंडावरची मलमल

मी एक जुना एसी आहे. भिंतीवर उंच बसून गुमान काम करणारा आजकालचा नव्हे. खिडकीची अर्धी चौकट अडवून बसलेला, घरघरणारा चौकोनी डबा. माझं तोंड खोलीत आणि पाठ बाहेर उन्हात. मित्रांनो, ज्याची पाठ दिवसभर भाजते, त्याच्याकडून शांत स्वभावाची अपेक्षा धरू नका. मी पहिल्यापासून उतावळा आणि चिडका. त्यातून कुणाचा जीव माझ्यावर अवलंबून असला, की मला क्षणभर चैन पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो. एका बाईंनी पोटात कॉम्प्रेसर बसवला, दुसऱ्यांनी नळ्या जोडल्या, कुणीतरी वरून पत्रा घातला. शेवटी एका माणसानं मला चालू केलं, समोर हात धरला आणि म्हणाला, "चालेल." एवढंच माझं बारसं.

मला विकत घेतलं एका बेकरीवाल्यांनी. त्यांना मी काका म्हणतो. त्यांच्या बेकरीत मागे केकवर क्रीम लावायची एक छोटी खोली होती. भिंतीच्या पलीकडे भट्टी, अलीकडे क्रीम, आणि मध्ये मी. क्रीम वितळू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. अकरा उन्हाळे मी ते केलं. मैद्याच्या धुळीनं माझी जाळी आठवड्यात भरून जायची. दर शनिवारी काका ती स्वतः काढायचे, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायचे आणि म्हणायचे, "याला श्वास घेता आला पाहिजे." गिऱ्हाइकांना सांगायचे, "केक मी करतो, पण टिकवतो हा." मग मी फुशारून उगाच जोरात घरघरायचो.

एका सकाळी भट्टी पेटवायची पाळी काकूंची होती. काकू म्हणजे काकांची बायको. त्यांचं डोकं दुखत होतं. काका म्हणाले, "तू पड जरा, मी पेटवतो." भट्टीत गॅस साठून राहिला होता. मी फक्त आवाज ऐकला. भिंत हादरली, माझे स्क्रू खुळखुळले, आणि मग माणसं धावायला लागली.

त्यानंतर बेकरी बंद झाली. वीज नाही, माणूस नाही. काका आहेत की नाहीत, हेसुद्धा मला कळेना. तीन महिन्यांनी कुणीतरी मला उचकटून टेम्पोत घातलं आणि काकांच्या घरी, त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीत आणून बसवलं. तेव्हा मला ते दिसले. छाती, पाठ, दोन्ही हात, सगळीकडे नवी, ताणलेली, चकचकीत कातडी.

डॉक्टर माझ्यासमोरच काकांच्या मुलीला, ताईला, समजावत होते. "या कातडीला घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंग निवत नाही. खोली गार ठेवा. उष्णता अंगात साठून ताप चढला तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि या वेळी मी काही खात्री देणार नाही. पाठीवरच्या दोन जखमा अजून ओल्या आहेत. तिथे धूळ लागू देऊ नका."

म्हणजे काकांचा घाम आता मीच. तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, आणि त्याला दुपारचं साधं ऊन सोसणार नव्हतं. मी जीव तोडून काम केलं. पंधरा दिवस खोली गारेगार राहिली.

घोळ झाला तो काकूंच्या मायेनं. डॉक्टरांचा 'धूळ' हा शब्द त्यांनी मनात धरला होता. एका सकाळी त्यांनी माझ्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटावर करडी रेघ उमटली. त्यांचा चेहरा पडला. बेकरीत पिठाच्या गोळ्यांवर झाकायची पातळ मलमल त्यांनी शोधून काढली आणि माझ्या तोंडाला ताणून बांधली. पहिल्या दिवशी एकपदरी. मी निभावलं. मग दुपदरी, मग चौपदरी. रोज उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून. इतक्या मायेनं माझं तोंड कुणी बांधलं नव्हतं.

आता मी काम कसं करतो ते ऐका. खोलीतली गरम हवा मी तोंडानं आत ओढतो, गार नळ्यांवरून फिरवतो आणि परत पाठवतो. हवाच आली नाही तर नळ्या नुसत्याच गार होत जातात, त्यांच्यावर बर्फ धरतो आणि उरलेली वाटही बुजते. तसंच झालं. दुपारी बारापर्यंत बाहेर खोली तापलेली आणि आत मी गोठलेला. मी घरघरायचो, थरथरायचो, खाली पाणी गाळायचो. काकू पाणी पुसायच्या आणि म्हणायच्या, "म्हातारा झाला बिचारा." मला संताप यायचा, पण तोंड बांधलेलं.

ताईनं मेकॅनिक बोलावला. तो दहाला येणार, तर काकूंनी आठपासून आवराआवर काढली. परका माणूस घरात येणार, खोली कशी नीटनेटकी दिसली पाहिजे. त्यांनी मला बंद केलं. बर्फ वितळला. पाणी पुसलं. मलमल सोडून कपाटात ठेवली. ओल्या फडक्यानं माझं तोंड चकचकीत केलं. मेकॅनिकनं बटण दाबलं, आणि मी मोकळ्या तोंडानं असा काही गार वारा सोडला, की तो गोंधळला. जरा वेळ डोकं खाजवून म्हणाला, "गॅस कमी असणार." आणि त्यानं गॅस भरला. तो मला पुरेसा होता हो. भरल्या पोटी पुन्हा पानावर बसवल्यासारखं झालं. त्याची पाठ वळताच काकूंनी मलमल बांधली. बाराला पुन्हा तेच.

दुसरा मेकॅनिक आला. त्याच्याही आधी आवराआवर. त्यानं धडधाकट थर्मोस्टॅट काढून नवा बसवला. बाराला पुन्हा तेच.

खरं कारण एका माणसाला ठाऊक होतं. काका पलंगावरून टक लावून माझ्याकडे बघत असायचे. अकरा वर्षं माझी जाळी घासलेला माणूस तो. मलमल बांधली त्याच दिवशी त्यांच्या नजरेवरून मी ओळखलं, यांना कळलंय. पण काकू रोज विचारायच्या, "अहो, बरं वाटतंय ना?" आणि काका म्हणायचे, "बरं आहे." एकदा काकू बोलता बोलता अडखळल्या, "त्या दिवशी माझं डोकं दुखलं नसतं तर..." काकांनी तिथेच थांबवलं, "तो विषय काढायचा नाही." तेव्हा मला त्यांच्या गप्प राहण्याचं कारण कळलं. आधीच एक ओझं घेऊन बसलेल्या बायकोवर त्यांना दुसरं टाकायचं नव्हतं. स्वतः उकडून निघाले तरी चालेल. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांची कीवही.

मलमल बांधल्यापासून आठव्या दिवशी सकाळीच काकांचा ताप एकशे एकच्या वर गेला. ताईनं दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, संध्याकाळपर्यंत उतरला नाही तर घेऊन या. काका त्या पिशवीकडे बघत होते. मी भीतीनं खट्कन बंद पडायचो आणि पुन्हा चालू व्हायचो.

त्याच दिवशी तिसरा मेकॅनिक आला. वयस्कर, कमी बोलणारा. काकूंनी नेहमीप्रमाणे सगळं आवरलं होतं. त्यानं मला चालू केलं, हात धरला.

"गार तर आहे."

"तेच ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही लोक आलात की शहाण्यासारखा वागतो."

"रोज असाच असतो ना? काही काढलं, हलवलं?"

"छे हो. नुसता पुसला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मलमल म्हणजे एसीचा भाग, हे त्यांच्या मनातच नव्हतं. मेकॅनिक पिशवी आवरू लागला. त्याला धरून ठेवायला मला हात नाहीत. मी नुसता थरथरत राहिलो.

"थांबा," पलंगावरून काका म्हणाले. "मला उकडतंय."

काकू वळल्या. "अहो, मघाशी तर बरं आहे म्हणालात."

"खोटं बोललो. आठ दिवस खोटं बोलतोय. फार उकडतंय गं, जीव घाबरा होतो. कपाटातली मलमल काढ. रोज बांधतेस तशी बांध. यांना बघू दे."

काकूंनी मलमल बांधली. मेकॅनिकनं खुर्ची मागून घेतली आणि माझ्यासमोर तासभर बसून राहिला. ताई काकांच्या अंगावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मग त्यानं मलमल सोडली, जाळी काढली, बॅटरीचा उजेड टाकला आणि काकूंना म्हणाला, "बघा." आत बोटभर जाड पांढरा बर्फ होता.

"म्हणजे मीच," काकू म्हणाल्या.

"धूळ अडवायला याला जाळी आहे," मेकॅनिक म्हणाला. "धुवायचीच हौस असेल तर रोज ती धुवा." आणि बर्फ वितळेपर्यंत तो बाहेर जाऊन उभा राहिला.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी सोडलेली मलमल उचलून तिची घडी घातली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी माझं डोकं फारसं दुखत नव्हतं. उठायचा कंटाळा आला होता."

"तेही माहीत होतं," काका म्हणाले. "मला भट्टी पेटवायला आवडायचं, म्हणून गेलो."

काकू रडल्या. काकांनी त्यांना रडू दिलं. बर्फ उतरल्यावर मी उघड्या तोंडानं पुन्हा सुरू झालो, आणि खरं सांगतो, तशी धाप मला आयुष्यात कधी लागली नव्हती. संध्याकाळी पारा नव्याण्णववर आला. ताईनं पिशवीतले कपडे पुन्हा कपाटात लावले.

काल काकूंनी विचारलं, "बरं वाटतंय ना?" काका म्हणाले, "नाही. पाठ खाजतेय, आणि चहा पाणचट झालाय." काकू उठल्या आणि दुसरा चहा टाकायला गेल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची जाळी धुवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. दुरुस्तीला कुणाला बोलावलंत, तर तो यायच्या आधी आवरू नका. पाणी गळत असेल तर गळू द्या, रोज जसं असतं तसंच त्याला दाखवा. आम्हाला बोलता येत नाही, आमचा नाइलाज आहे. तुम्हाला येतं. तेव्हा उकडत असेल, तर उकडतंय म्हणा.