भिंगरीने विकत घेतलेले मोती

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. पण एका लहान मुलीच्या बोटाने काय घडू शकते ते मी पाहिले, आणि त्याचे नवल मला अजून वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. मला एका बस कंडक्टर बाईने घेतले. घरी तिचे वडील होते आणि पाच वर्षांची लेक. लेक एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आजोबांना ऐकू येईनासे झाले होते. भिंगरी ओरडे, "आजोबा, चहा!" आणि ते छत्री आणून देत. त्यांच्या कानाच्या यंत्रासाठी आई पैसे साठवत होती. त्या खात्याचे कार्ड माझ्यात जोडलेले होते.

पहाटेची पाळी करून आई दुपारी आडवी होई. मग मी भिंगरीचा. माझ्यात तळ्यातल्या निळ्या माशाचा एक खेळ होता. मासा मलूल झाला की गोड आवाज येई, "मोती घ्या, मासा वाचवा!"

एकदा मासा उलटा तरंगू लागला. भिंगरी आईकडे धावली. आईने अंगठा टेकवला की माझ्यावर सगळी कामे होतात, हे तिने पाहिले होते. तिने झोपलेल्या आईचा अंगठा अलगद उचलला आणि माझ्यावर टेकवला. टिंग! मोती आले, मासा सुळकन पोहू लागला, भिंगरी नाचू लागली.

मी थक्क झालो. गर्दीत धक्के खात, दिवसभर उभी राहून आईने जमवलेल्या पैशांतले काही त्या एका 'टिंग'मध्ये निघून गेले होते! ना नाणे वाजले, ना पाकीट उघडले. मग रोज दुपारी तेच होऊ लागले. बँकेचे संदेश येत, ते भिंगरीच बोटाने बाजूला सारी.

शेवटी आई सगळ्यांना घेऊन यंत्राच्या दुकानात गेली. दुकानदाराने आजोबांच्या कानात यंत्र बसवले. आजोबा दचकले. भिंतीकडे पाहत म्हणाले, "घड्याळ एवढ्या जोरात चालतं होय गं?" आईचे डोळे भरून आले. तेवढ्यात दुकानदार हळूच म्हणाला, "ताई, पैसे जात नाहीयेत. खात्यात पुरेसे नाहीत असं दाखवतंय."

यंत्र परत डबीत गेले. आजोबा पुन्हा शांततेत बुडाले.

बाहेरच्या बाकावर बसून आईने मला उघडले आणि खरेदीची यादी पाहून ती पांढरीफटक पडली.

"भिंगरी, हे मोती कुणी घेतले?"

"मी. मासा मरत होता ना! तू दमून झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही."

आईचा हात वर गेला, पण तो उतरला लेकीच्या डोक्यावर. "काय म्हणते पोर?" आजोबांनी विचारले. आईने त्यांच्या कानाशी सगळे सांगितले. ते म्हणाले, "जीव वाचवायला गेली म्हणायची! मग रागवायचं कुणावर?"

"माझ्यावर, बाबा. खरेदीला पक्कं कुलूप मीच लावलं नव्हतं."

घरी येताच आईने खेळाच्या कंपनीला तक्रार लिहिली. माझ्यातले कार्ड काढून टाकले. अंगठ्याने होणारी खरेदी बंद केली आणि प्रत्येक वेळी पासवर्ड मागण्याची सोय केली. मग भिंगरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "हे मोती खोटे असतात, पण त्यांना आपले खरे पैसे लागतात. त्याच पैशांनी आजोबांना यंत्र घ्यायचं होतं."

भिंगरीने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा मासा आजोबांचा कान खात होता?"

मित्रांनो, माझ्या पोटात जगभरची माहिती आहे, पण हे इतके नेमके मला कधी सांगता आले नसते! त्या चिमुकल्या डोक्यापुढे मी आजही नतमस्तक आहे.

बरेचसे पैसे परत आले, उरलेले आईने पुन्हा साठवले, आणि आजोबांना यंत्र मिळाले.

मी यंत्र आहे. माझ्यावर टेकलेला अंगठा जागा आहे की झोपलेला, हे मला कळत नाही. म्हणून मोठ्यांनो, मला मुलांच्या हाती देण्याआधी खरेदीला कुलूप लावा आणि ते का लावले, हेही त्यांना सांगा. आणि बालमित्रांनो, मी काहीही 'घ्या' म्हणालो, तर आधी आईबाबांना विचारा. झोपेतून उठवावे लागले, तरी खुशाल उठवा.